बेचिराग

पाटणला कोर्टासमोर, बियाण्याच्या दुकानावर
आमचं ऑफिस. खुर्च्या तीन, त्यातली एक अशिलाची.
वनखात्याची नोटीस होती:
वाघदऱ्याची वस्ती म्हणजे अलीकडचं अतिक्रमण.
सर म्हणाले, जुनी जनगणना काढ,
सरकारच्याच तोंडून वदवू.

म्हणून रात्री बसले.
साइट तीनदा पडली. चौथ्यांदा
एकावन्न सालचं जिल्ह्याचं पुस्तक उतरू लागलं,
कुंभार्ली घाट चढणाऱ्या ट्रकसारखं,
थांबत, धापा टाकत.
एका पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय.
तो कुणाचा, त्याची नोंद नाही.

शब्द टाकून सापडत नाही काही, सगळी चित्रंच.
पान पान सरकवत गेले,
अनुक्रमांक, गाव, चौरस मैल,
आणि शाई फुटलेल्या एका ओळीत
स्पेलिंगात वाघाचा वाग झालेलं
वाघदरे. घरं सात. माणसं एक्केचाळीस.
पुरुष एकोणीस, बायका बावीस.
साक्षर: तिथं नुसती टिंबं.
मी एकटीच ओरडले. खालचा वॉचमन वर आला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ठकूबाई झोरे आल्या.
पिशवीत ताकाची बाटली, बुचाला फडकं.
मावशी, सापडलं. एक्केचाळीस माणसं.
"नावं हायत?"
नावं देत नाहीत. कायदाच आहे तसा.
मोजणाऱ्याची वही कोर्टालासुद्धा दाखवत नाहीत.
"ऱ्हाऊ द्या. नावं माझ्यापाशी हायत."

आणि बोटांच्या पेरांवर सुरू झाल्या.
जानू, जानूची गंगू, धाकलू, धाकलूची आंधळी आई,
बमू आणि तिची तिन्ही,
"त्यातलं एक माघात गेलं, त्ये धरायचं का?"
मी टाइप करत होते.
"मी न्हाई बघितली समदी. आयनं पाठ करून घेतली,
म्हशींमागं जाता-येता."
पेरं संपली की पुन्हा पहिल्या बोटावर.
त्रेचाळीस झाली.
"दोघं म्हशी घिऊन चिपळूणच्या अंगाला गेली आसतील," त्या म्हणाल्या,
जसं काही परवाच गेले होते.
"आन मी आयच्या पोटात. मला नसंल धरलं."
नाही मावशी. पोटातलं धरत नाहीत.

आता या कागदाला एक प्रमाणपत्र लागतं.
कुठल्या संगणकावर उतरवला, कुठल्या तारखेला,
संगणक त्या वेळी नीट चालत होता का.
दोनदा वीज गेली होती.
तरी मी लिहिलं, नीट चालत होता.
सही केली, शिक्का मारला.
ठकूबाईंच्या पेरांसाठी
असा नमुना छापलेला नाही.

"माझी वळ दावा," त्या म्हणाल्या.
मी त्यांचं बोट धरून वाघदऱ्यावर ठेवलं.
डिंकानं काळं पडलेलं जाड बोट,
वरची खालची गावंही त्याखाली गेली.
"हिच्या वर कोण?"
कारवट. वस्ती नाही, असं आहे.
"म्हंजी?"
बेचिराग.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
बाहेर कुणीतरी पुकारा करत होतं, हाजीर है, हाजीर है.
"कारवटात माझ्या मावशीचं घर हुतं.
एकलंच. पर हुतं.
तेल पुरंना म्हणून ती दिवा लौकर इझवायची."

त्यांचं बोट अजून त्याच कागदावर होतं,
साडेअकराला जो मी साहेबांपुढे ठेवणार होते,
सदर माहिती सत्य व बिनचूक असल्याचं
खाली माझ्याच सहीनं लिहून.

स्टेपलर हातात होता.
मावशींनी ताकाचं बूच काढलं,
म्हणाल्या, आधी पी.